सोसायटीचं दप्तर कुणी सांभाळायचं?

पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत गेटवर दिवस-रात्र वॉचमन आहेत, जिने रोज पुसले जातात, झाडांना माळी आहे. कागदांना मात्र कुणी वाली नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमी अजून शिल्लक आहे असं सगळे सांगतात, हमीपत्र कुणाकडेच नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू पावसाळाभर छताखाली बादली ठेवतात आणि कंत्राटदार म्हणतो, ‘आधी कागद दाखवा.’ टँकरची चलनं वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टोचलेली. लिफ्टचा देखभाल करार जुन्या सचिवांच्या ईमेलमध्ये, आणि ते बदली होऊन गेलेले. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्रास नेहमी त्यालाच होतो ज्याची काही चूक नसते.

कायद्यात यातलं काहीच मोघम नाही. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार सभासदाला ठरावीक कागद पाहण्याचा हक्क आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १६० प्रमाणे जुन्या अध्यक्षांनी दप्तर नव्या अध्यक्षांच्या ताब्यात द्यायचं असतं. सभासदांची ‘आय’ नोंदवही आणि ‘जे’ यादी ठेवावीच लागते. अग्निशमन यंत्रणेचा ‘बी’ नमुन्यातला दाखला जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यायचा. आणि बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही, तर मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे जाताना करारनामे, इंडेक्स टू, मंजूर नकाशा हे सगळं जोडावं लागतं. तिथे एक कागद कमी पडला की पायाखालच्या जमिनीचा प्रश्न लांबतो.

सभेत हा विषय काढला की उत्तर ठरलेलं: ‘सचिव आहेत ना!’ सचिव चाकणच्या कारखान्यात पाळीत काम करतात, घरी येऊन विनामोबदला सोसायटीचं पाहतात. त्यांच्याकडून आणखी किती मागायचं? मॅनेजरवर सोपवावं, तर तो एजन्सीचा माणूस. एजन्सी बदलली की तोही बदलतो.

कागद नीट जपता येतात, हे पुण्यातच दिसतं: पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, १८९१च्या इमारतीत आजही जपलेले आहेत. शतकांपूर्वीचा मोडी कागद तिथे शोधता येतो, कारण ते काम पगारी माणसांकडे सोपवलेलं आहे.

आमच्याएवढ्या सोसायटीला पूर्णवेळ माणूस लागत नाही, हे मलाही मान्य आहे. दिवसभर पुरेल एवढं कामच नाही. पण आठवड्यातून काही तास येणारा, मोबदला घेणारा, कमिटी बदलली तरी न बदलणारा एक माणूस हवाच. आवक-जावक नोंद, कागदांची यादी, स्कॅन केलेल्या प्रती, मुदती संपण्याच्या तारखा, एवढं त्याच्या नावावर लिहून द्यावं. शेजारच्या चार-पाच सोसायट्यांनी मिळून एकच माणूस नेमला तर खर्चही वाटला जाईल. अभिहस्तांतरणाचं काम निघेल त्या वर्षी त्याला पूर्णवेळ घ्यावं, तिथे काटकसर करू नये.

३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेसाठी मी हा ठराव लेखी देतो आहे. नव्या कमिटीने कपाटाची किल्ली घेताना आतल्या कागदांच्या यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, हे कलम त्यात पहिलं आहे.