बिनतारी कारभाराची कैफियत

लॅपटॉपचे अवयव आणि त्यांवर अंमल गाजवणारी मुख्य प्रणाली यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा जो कारकून तैनात असतो, त्याच्याच मर्जीवर सगळा कारभार चालतो, हे सत्य रयतेला उमगते ते प्रणालीने परस्पर ‘अद्ययावत’ होऊन, कामात मुरलेला जुना कारकून बडतर्फ करून नवा रुजू करून घेतल्यावरच. मग पडद्याच्या कोपऱ्यातली वायफायची कमान अंतर्धान पावते आणि तिच्या जागी निषेधाची खूण अंगावर वागवणारा एक पृथ्वीगोल प्रकट होतो. त्याच घरात, त्याच राऊटरच्या लहरींवर सर्वांचे मोबाइल मात्र सुखेनैव चाललेले असतात!

‘डिव्हाइस मॅनेजर’ हे दप्तर उघडावे, तर वायफाय कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह. दोनदा टिचकी मारली असता खुलासा मिळतो की, हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०. का होऊ शकत नाही, हे सांगणे बहुधा दप्तराच्या अखत्यारीत येत नसावे. ‘ट्रबलशूटर’ नामक चौकशी समितीकडे दाद मागावी, तर ती बराच वेळ गंभीर मुद्रेने तपास करून, दोष आढळला नसल्याचा निर्वाळा देते आणि वर, आपणांस या चौकशीचा उपयोग झाला काय, असेही विचारते. जुन्या कारकुनास बहाल करण्याचे ‘रोल बॅक’ हे बटण असते खरे. पण जुन्याची फाइल शिल्लक नसल्यास ते करडे पडून राहते.

उरला राजमार्ग, म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. त्याला इंटरनेट लागते, ही किरकोळ अडचण कोणत्याही मार्गदर्शिकेच्या कर्त्यास सुचलेली दिसत नाही. अखेर मोबाइलला चार्जरची केबल जोडून, तिचे दुसरे टोक लॅपटॉपात खुपसून, यूएसबी टेदरिंगच्या आश्रयाने बिनतारी यंत्रणेच्या उद्धारासाठी तारेचीच आराधना करावी लागते. लिनक्सच्या रयतेने तर याहून अधिक हाल सोसले: वायफाय चिपांचे निर्माते दाद देईनात, तेव्हा एनडिसरॅपर नावाच्या दुभाष्यामार्फत विंडोजचाच कारकून उसना आणून तिने कामाला जुंपला होता; ब्रॉडकॉमसारख्या मातब्बर कंपनीने आपल्या काही नव्या चिपांचा मुक्त ड्रायव्हर जाहीर केला तो २०१० साली.

एवढ्या सायासाने बसवलेला ड्रायव्हरही लॅपटॉप मिटून पुन्हा उघडताच बेशुद्ध आढळावा, यामागे एक बारीकशी चौकट असते. कार्डाच्या गुणधर्मांत, ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावर, वीजबचतीसाठी हे उपकरण बंद करण्याची संगणकास मुभा द्यावी, अशा आशयाच्या ओळीपुढे आपल्याला न विचारताच बरोबरची खूण केलेली असते; त्या सनदेच्या जोरावर कार्डाला निजवले तर जाते, परंतु उठवण्याची विद्या नव्या कारकुनाला अवगत नसते. खूण काढून टाकावी, म्हणजे कार्ड जागे राहते. त्या जागरणाचा भत्ता तेवढा बॅटरीतून वसूल होतो.