बंद करण्याचा मान

युनिक्सच्या घराण्यात मशीन बंद करण्याचा मान मुळात एकट्या ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा. फ्रीबीएसडीत तो ‘ऑपरेटर’ गटालाही मिळतो. जुन्या लिनक्सात कंट्रोल-ऑल्ट-डिलीटसाठी ‘शटडाऊन.अलाऊ’ नावाची यादी असे, तीत जास्तीत जास्त 32 नावे. सोसायटीचं संचालक मंडळही एवढं मोठं नसतं! आता पोलकिट नावाचा परवानगी तपासणारा प्रोग्राम दारात उभा: समोर बसलात की दुरून आलात? आणखी कोणी लॉगिन आहे? मग पासवर्ड आणा.

भालकी-औरादकडच्या कुठल्याही कचेरीत हा बंदोबस्त पाहावा. पासवर्ड साहेबांकडे, साहेब बीदरला मीटिंगला. संध्याकाळी शिपाई भिंतीवरचं बटण खट्कन बंद करतो. त्याला पोलकिट काही विचारत नाही. लाइट तर त्याआधीच, कुणालाही न विचारता गेलेली असते. साहेब, परवानग्या नंतर वाटा, आधी यूपीएसची बॅटरी बदला.