डबेबंद शेती

कर्जत-खालापूर पट्ट्यात चार गुंठे भाजी करणारा माणूस हल्ली आधी ‘नियोजन’ करतो. म्हणजे डबे आणून त्यांवर चिठ्ठ्या डकवतो. भेंडीच्या बियाण्याचा एक, कारल्याचा एक, आणि ‘इतर’ असा एक मोठा. महिन्याभरात कोयता, वीजबिल, सातबाऱ्याची झेरॉक्स आणि सूनबाईंचा चार्जर त्या ‘इतर’मध्ये सुखाने नांदू लागतात. घरात पसारा होताच. आता तो झाकणासकट आहे.

मग पाऊस लागतो. इथे तो हंगामात 3,000 मिलिमीटरच्या पुढे जातो आणि कुणाच्या चिठ्ठ्या-बिठ्ठ्या वाचत बसत नाही. डिंक सुटतो, कारली म्हणून चढवलेल्या वेलाला शिराळी लोंबतात. भिंतीवरच्या तक्त्यात मात्र शनिवारी ‘कारली तोडणी’च.

वास्तविक याच कर्जत तालुक्यात, नेरळच्या सगुणा बागेत, चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातशेतीतली कामं मांडून ठेवण्याऐवजी काढूनच टाकली. गादीवाफे एकदा करायचे, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. दरवर्षीची नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. सगुणा राइस टेक्निक, म्हणजे एसआरटी, ती हीच.

आमच्या ओळखीचे एक नियोजनप्रेमी ते बघून आले आणि तडक साचा करून घेतला. लोखंडी, वर निळा रंग. भाताचं कसं काय, विचारलं तर म्हणाले, “यंदा राहिलंच हो. लावणीला माणसंच मिळाली नाहीत.”