रोकडनाना

रोकडनानांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, गावात ते कुणी वापरत नाही. धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. पेण-रोहा ये-जा करत नोकरी काढली आणि सहीशिवाय त्यांच्या गोदामातून एक वॉशरसुद्धा कधी बाहेर पडला नाही. निवृत्तीनंतर गोदाम सुटलं, सवय कुठली सुटायला! त्यांच्या बायकोने, म्हणजे मामींनी, पापडाच्या पिठाला पैसे मागितले तरी "मागचा हिशेब?" हा प्रश्न आधी येतो.

त्यात २०१० चा सप्टेंबर आला. पेणच्या एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या. नानांचीही एक मुदत ठेव त्यात होती. तेव्हापासून त्यांचा बँकांवर विश्वास नाही म्हणावं, तर पाच बँकांत खाती आहेत. कुठल्याच एका बँकेवर नाही, एवढंच. २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली, तेव्हा नानांनी एकेका खात्यात साडेचार लाखांच्या वर काही राहू दिलं नाही. "व्याज धरून पाच लाख ना? मग व्याजाला बसायला जागा नको?" हे बँकेतल्या साहेबांनाही सुचलं नसेल. कुणी बँकिंगचं ज्ञान पाजळायला लागलं की नाना त्याला रोह्याची आठवण करून देतात. रोहा त्यांचं आजोळ. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रोह्याचे. "आमच्या गावच्या माणसाची सही नोटेवर होती, आम्हाला काय शिकवता!" जणू ती सही करताना पेनाचं टोपण नानांच्या आजोबांनी धरलं होतं.

असे नाना बँकॉक-पटायाला निघाले. पेणहून आमचा एक घोळकाच होता, त्यात मीही होतो. निघण्याआधी महिनाभर नानांनी बँकांचे उंबरठे झिजवले. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, खातेदाराने ते मुद्दाम सुरू करावं लागतं, हे काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. नानांचा चेहरा उजळला. "बंदच असतं? फारच छान. बंदच ठेवा." त्या मुलीला नंतर अर्धा तास समजूत घालावी लागली. परदेशात कार्ड वापरलं की बहुतेक बँका तीन-साडेतीन टक्के मार्कअप लावतात आणि त्या मार्कअपवर जीएसटी, हे कळल्यावर तर त्यांनी पाणी मागितलं.

शेवटी त्यांनी दोन बँकांची दोन कार्डं, एक फॉरेक्स कार्ड, थोडे डॉलर आणि थोडे बाहत अशी व्यवस्था केली. मामींनी पँटला आतून चोरखिसे शिवले. एक कार्ड नानांकडे, दुसरं मामींच्या पर्समध्ये, फॉरेक्स कार्ड पोह्याच्या पापडांच्या डब्यात तळाशी. आम्ही पोटभर हसलो. आता म्हणाल तर जाणकारही हेच सांगतात, दोन कार्डं ठेवा, ती एका जागी ठेवू नका. पण पापडाचा डबा त्यांनाही सुचलेला नाही.

हॉटेलवर रोज रात्री नाना दाराची कडी घालायचे आणि मग मोबाइलवर कार्डाचा परदेशी व्यवहार बंद करायचे. "कडी घातली, कार्ड घातलं," असं मोठ्याने म्हणून झोपायचे. सकाळी कडी काढायचे, कार्ड विसरायचे. पटायाच्या बाजारात मामींनी पर्स पसंत केली, दुकानदारीण तीन वेळा कार्ड टेकवून बघते आहे, यंत्र नकार देतंय, आणि नाना अभिमानाने आम्हाला सांगताहेत, "बघा, किती सुरक्षित आहे!"

एटीएमचं प्रकरण मात्र त्यांनी मनावर घेतलं. तिकडचं यंत्र परक्या कार्डाला दर खेपेस दोनशे बाहतांच्या वर आकार लावतं, म्हणजे आपले पाचशेच्या पुढे. पाचशे काढा की पाच हजार, आकार तोच. नानांची कोंडी झाली. खिशात जास्त रोकड ठेवायची नाही, आणि थोडी थोडी काढावी तर दर खेपेला भुर्दंड. रात्रभर विचार करून सकाळी नाश्त्याला त्यांनी चक्क भिशी काढली. आज एकाने सगळ्यांचे बाहत काढायचे, उद्या दुसऱ्याने, आकार वाटून घ्यायचा. वहीत सगळ्यांच्या सह्या.

नानांची पाळी आली तेव्हा पडद्यावर एक प्रश्न उमटला. इतके बाहत म्हणजे इतके रुपये, हा दर मान्य आहे का? बरोबरचा तरुण म्हणाला, "हो म्हणा नाना, रुपयांत आकडा तरी कळतो." नानांनी चष्मा वर केला.

"मी विचारला होता का भाव?"

"नाही."

"न विचारता भाव कोण सांगतो? ज्याला माल गळ्यात मारायचाय तो."

आणि त्यांनी 'नको' दाबलं. आता व्यवहार रद्द होणार म्हणून आम्ही श्वास रोखला, तर नोटा बाहेर! खरी गोम अशी, की 'हो' म्हटलं की दर तिथली बँक ठरवते आणि त्यात आपलं कमिशन मिसळते. 'नको' म्हटलं की पैसे बाहतांतच लागतात आणि रूपांतर आपल्या कार्डाच्या दराने होतं, ते बहुधा स्वस्त पडतं. नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यातही पहिल्या भावाला ते मान हलवत नाहीत, तेवढंच भांडवल. त्या तरुणाने आदल्या दिवशी 'हो' म्हटलं होतं. पेणला आल्यावर दोघांची स्टेटमेंटं शेजारी ठेवून नानांनी जो फरक काढला, तो आता स्टेशनवरच्या चहावाल्यालाही पाठ आहे.

परवा रोह्याचा भाचा दुबईला निघाला म्हणून नमस्काराला आला. नानांनी वही उघडून त्याला सहलीचा हिशेब दाखवला. शेवटच्या बाहतापर्यंत जुळलेला, खाली दोन रेघा मारलेल्या. भाचा म्हणाला, "मामा, तिकडे आता बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं." "आणि रेंज गेली तर?" असं नाना विचारतात तोच मामी मागच्या दाराने आल्या. हातात धुतलेली पँट, आणि चिमटीत हजार बाहतांची ओली नोट.

"हिशेब जुळला होता ना?"

"जुळला होता."

"मग हे कुणाचे?"

स्टोअरकीपरला कमी भरलेला माल छळतो, पण जास्त भरलेला झोपू देत नाही. नानांनी त्या दोन रेघा खोडल्या आणि भिशीतल्या प्रत्येकाला फोन लावायला सुरुवात केली. पहिला मलाच.

"तुझे हजार कमी पडले होते का रे?"

मी क्षणभर विचार केला, आणि नाही म्हणालो.

"नीट आठव," नाना म्हणाले, "न विचारता नाही म्हणू नकोस."

"पण नाना, तुम्ही विचारलंत की!"

"म्हणूनच तर संशय येतोय."