हवा लवकर कशी संपवावी?

(अग्निशमन दलातल्या नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका)

साहित्य : एक बी.ए. सेट (पाठीवरच्या सिलिंडरचा श्वसनसंच), नुकतीच सुटू लागलेली ढेरी आणि पंधराव्या मजल्यावरची आग.

१. आधी सिलिंडर समजून घ्या. ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे २००० लिटर हवा कोंबलेली असते. मिनिटाला ४० लिटर धरली तर ती पाऊण तास आरामात पुरते. हा हिशेब कागदावरचा. कागदाला धाप लागत नाही.

२. भरतीच्या वेळी धावलात ना? मग झालं तर! आता पळायचं ते फक्त जेवणाच्या घंटेला. रिकाम्या वेळात होज खांद्यावर टाकून जिने चढणारे सहकारी दिसले, तर चहाचा घोट घेत त्यांची कीव करा.

३. वर्दी आली, लिफ्ट बंद आहे. कोट, बूट, हेल्मेट आणि सेट मिळून अंगावर वीस किलोंहून जास्त ओझं. चौथ्या मजल्यावर कठडा धरा, आठव्यावर ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणा. वर पोचून मास्क चढवताना छातीचा भाता जोरात चालू हवा. आता मिनिटाला १०० लिटर सहज खपतील आणि पाऊण तासाची हवा वीस मिनिटांत फस्त!

४. दाब ५५ बारच्या आसपास आला की शिट्टी वाजते. खरं तर त्याआधीच बाहेर पोचायचं असतं. पण तुम्ही एकटे थोडेच आहात? आत जायचं जोडीने, बाहेर यायचंही जोडीनेच. त्यामुळे ज्याची हवा आधी संपते, त्याच्या गेजवर दोघांची माघार ठरते. जोडीदाराच्या सिलिंडरमध्ये निम्मी हवा शिल्लक आहे आणि आतली खोली अजून तपासायची आहे. त्याला तसंच मागे फिरवा. तुमच्या ढेरीचं वजन आता त्या खोलीतल्या माणसावर पडलं.

५. ज्वाळांना घाबरू नका. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत कामावर असताना मृत्यू पावलेल्या अग्निशामकांपैकी सुमारे ४५ टक्के हृदयविकाराने गेले. तेव्हा रक्तदाब तपासून घेणं मुळीच मनावर घेऊ नका.

विशेष सूचना : ही मार्गदर्शिका जोडीदाराला वाचून दाखवावी. तो हसला नाही, तर उद्या पहाटे बूट घालून मैदानावर जावं. तो तिथे असेलच.