‘मुलांकडे बघून’ म्हणजे नक्की कुठे बघून?

नवरा-बायकोचं बिनसलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं. ‘मुलांकडे बघून घ्या जरा सांभाळून.’ आत्या म्हणते, मामा म्हणतात, वरच्या मजल्यावरच्या वहिनीही म्हणतात. मला या वाक्याचा राग येतो, कारण ते म्हणणाऱ्यांपैकी कुणीच मुलाकडे बघत नसतं.

मी एका मुलाकडे बघितलंय. आमच्याच इमारतीतला, दुसरीतला. शाळेतून आला की खांद्यावरचं दप्तर न उतरवता आधी दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडकडे बघायचा. आईबाबा दोघांच्याही चपला दिसल्या की आमची बेल वाजवायचा. ‘काकू, तुमच्याकडे अभ्यास करू?’ एकाच्याच असल्या तर घरात जायचा. त्या घरातून भांडणाचा आवाज कधी आला नाही. दोघांनी आपसांत बोलणंच सोडलं होतं, सगळं पोरामार्फत. ‘बाबांना सांग, दूधवाल्याचे पैसे द्यायचेत.’ एकदा जिन्यात तो हा निरोप पोचवताना मी ऐकलं. ‘बाबा, आई म्हणाली, प्लीज दूधवाल्याचे पैसे द्या ना.’ त्यातलं ‘प्लीज’ त्याने पदरचं घातलं होतं.

या दोघांना मदत मिळालीच नाही असं नाही. बैठक झाली. मुलीकडचे चौघे, मुलाकडचे पाच, पोहे, चहा, आणि पोराला आत टीव्ही लावून दिलेला. दोन तास कुणाची चूक किती ते मोजलं गेलं. नातेवाईक येतात ते बाजू घेऊनच येतात. प्रेमापोटी येतात, तरी बाजू असतेच. त्यानंतर एकदम वकील. या दोहोंच्या मध्ये समुपदेशकाचं एक दार आहे आणि ते कुणी दाखवत नाही, यावर माझं भांडण आहे.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा 1984चा. त्याचं 9वं कलम सांगतं की जिथे शक्य असेल तिथे न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा. त्यासाठी तिथे समुपदेशक असतात. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी केस दाखल करावी लागते. म्हणजे एकमेकांवरचे आरोप पानंच्या पानं टाइप होणार, त्याची प्रत दुसऱ्याच्या हातात पडणार, आणि मग दोघांना समोरासमोर बसवून विचारणार, काही जुळतंय का बघा! तो कागद वाचल्यावर काय जुळणार? समुपदेशक कोर्टाच्या आत आहे तसा शाळेत आणि पालिकेच्या दवाखान्यातही हवा. दाखल्याच्या रांगेत उभं राहावं इतक्या सहज त्याच्याकडे जाता यायला हवं.

तोवर जे आहे ते तरी वापरा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. केस न करताही तिथे मध्यस्थीसाठी अर्ज देता येतो. 1987च्या कायद्याने बायका-मुलांना तिथली मदत मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. रात्री जीव घाबरा झाला तर 14416वर टेली-मानस ही हेल्पलाइन आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलतात. नवरा किंवा बायको यायला तयार नसेल तर एकट्याने जा. दोघांपैकी एकाने जरी पोराच्या हाती निरोप देणं थांबवलं तरी त्याचं निम्मं ओझं उतरतं. आणि वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला. मूल गप्प झालेलं पुष्कळदा तिच्याच आधी लक्षात आलेलं असतं.

मारहाण असेल तर यातलं काहीच नाही. तिथे समेटाची बैठक लावणं म्हणजे त्या बाईला पुन्हा त्याच खोलीत ढकलणं. 181 ही महिला हेल्पलाइन लावा. 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, त्यांना गाठा. मुलाने ते बघितलंय म्हणूनच बाहेर पडा.

समुपदेशकाकडे गेलं की संसार टिकलाच पाहिजे असंही नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटातले थांबण्याचे सहा महिने सक्तीचे नाहीत, योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये सांगितलं. माफ करून घ्या हवं तर, पण शाळेतून कोण आणणार, तापात रजा कोण घेणार, दिवाळीची पहिली अंघोळ कुठे, हे ठरवायला कुणीतरी त्रयस्थ समोर हवाच.

आमच्या इमारतीतले ते दोघं शेवटी गेले समुपदेशकाकडे. उशिरा, पण गेले. आता वेगळे राहतात. शनिवार-रविवार तो बाबांकडे असतो. निरोप वहीत लिहितात, वही त्याच्या दप्तरात असते. परवा आमच्याकडे येऊन बसला, दप्तर मांडीवर घेऊन. म्हणाला, ‘काकू, ती वही मी वाचली तर चालेल का? नुसतं बघतो, कुणी प्लीज लिहिलंय का.’