बाराची बाजू

कुणाचं दिवाळं निघालं की आपण म्हणतो, ‘त्याचे बारा वाजले.’ अकरा वाजले तर कुणाचं काही बिघडत नाही. पक्का बेरकी माणूस असेल, तर तो बारा गावचं पाणी प्यायलेला. नसते उद्योग करणाऱ्याच्या मागे बारा भानगडी. पेशवाईत कारस्थान शिजलं, तेही बारभाईंचं. बाळाचं बारसं सोडलं, तर मराठीनं या संख्येचं कौतुक बेतानंच केलं आहे.

वास्तविक बारासारखी मनमिळाऊ संख्या शोधून सापडायची नाही. दोघांत वाटा, तिघांत वाटा, चौघांत, सहाजणांत वाटा. कुरकुर नाही, बाकी नाही. दहाचा एवढा बोलबाला, पण दारात तिघं जण उभे राहिले की त्याची तारांबळ उडते. हाताला बोटं दहा, म्हणून त्याचं राज्य. माझ्या आजीला तेही मान्य नव्हतं. ती चार बोटांच्या पेरांवर मोजायची. बोटाला पेरं तीन, म्हणून तीन चोक बारा. अंगठा मुकादमासारखा नुसता हजेरी घेत फिरायचा.

बाराला ज्या संख्यांनी निःशेष भाग जातो, त्या बारा सोडून मांडून बघा : एक, दोन, तीन, चार, सहा. बेरीज सोळा! 1957 साली दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे आणे सोळा असत. म्हणजे बारा आणे खिशात घेऊन आलेला हा गृहस्थ वाटेकऱ्यांच्या हाती पुरता रुपया ठेवून जातो. अशा उदार संख्यांना गणितात विपुल संख्या म्हणतात आणि त्यांतली सर्वांत धाकटी बारा. सहाचे विभाजक एक, दोन, तीन. बेरीज बरोबर सहा. ती परिपूर्ण संख्या, तिच्यानंतरची थेट 28. दहाच्या विभाजकांची बेरीज मात्र आठच भरते, म्हणून तो न्यून. इसवी सन 100 च्या सुमारास निकोमाकस नावाच्या ग्रीक पंडितानं ही प्रतवारी लावताना परिपूर्ण संख्यांची आरती ओवाळली आणि विपुल संख्यांना जास्तीची तोंडं नि दात असलेल्या विचित्र प्राण्यांच्या रांगेत बसवलं. म्हणजे बाराचे बारा तिकडेही वाजलेलेच.

मला मात्र बारा म्हटलं की मे महिना आठवतो. सुटीत आम्ही भावंडं सहा. डझनभर हापूस आले की दरडोई दोन; भांडायला जागाच नाही. एकदा आंबेवाल्यानं खूश होऊन वर एक दिला. झाले तेरा! तेरा म्हणजे मूळ संख्या, एक आणि स्वतः सोडून कुणालाही दाद न देणारी. त्या एका आंब्यावरून ओसरीवर जे रण माजलं, ते ऐकून आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं तेराच्या तेरा आंबे उचलले, पिळले आणि पातेलंभर रस करून वाटीनं वाढला. मोजायची वस्तूच पातळ केल्यावर भांडणार कशावरून?

पण कोयी पातळ होत नाहीत. त्या तेराच्या तेरा ताटात पडून होत्या. आम्ही मुकाट दोन-दोन उचलल्या आणि उरलेल्या एकीवर बारा डोळे खिळले.

आजीनं ती शांतपणे स्वतःकडे ओढली. ‘‘भागाकारातली बाकी मोठ्या माणसाची असते रे,’’ ती म्हणाली आणि मनगटापर्यंत ओघळ येईतो चोखत बसली.